आमचा गोलघुमट

एक काम करा. हा अंक क्षणभर बाजूला ठेवा, हॉलच्या मधोमध उभे राहा आणि एक सणसणीत टाळी वाजवा. एकच. (घरात बायको, नवरा किंवा रूममेट असेल तर आधी सांगून ठेवा.) टाळी वाजली आणि तिथल्या तिथे संपली, तर अभिनंदन! या आठवड्याचं सदर तुम्ही सोडून दिलंत तरी चालेल. पण टाळीच्या मागोमाग 'टर्रर्र' असा बारीक, पत्र्यासारखा आवाज घरंगळत गेला, तर मात्र बसा. आपली केस सेम आहे.

ही टाळी मला कुणी वेळेवर वाजवायला लावली असती, तर माझे साडेसात हजार रुपये वाचले असते. आणि बाबांचे चार महिने.

आमचे बाबा मिरजेचे. नोकरी बँकेत, जीव तबल्यात. सतारमेकरांच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर घर, त्यामुळे कुणाचा तानपुरा कुठे जवारीला दिलाय याची खबर आमच्याकडे वर्तमानपत्राच्या आधी यायची. १९८८ साली बँकेतून थकबाकीचे पैसे मिळाले तेव्हा बाबांनी मुंबईला जाऊन, लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस फिरून, एक अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले. आई फ्रीज म्हणत होती. स्पीकर महालक्ष्मी एक्स्प्रेसने मिरजेला आले, एक बाबांच्या मांडीवर आणि एक काकांच्या. फ्रीज १९९१ साली आला. हा इतिहास आमच्या घरात अजूनही वर्षातून दोनदा उगाळला जातो.

ते स्पीकर माडीवर असायचे. लाकडी तुळया, जाडजूड मातीच्या भिंती, भिंतीत कोनाडे, खाली जाजम, एका कोपऱ्यात गाद्यांची चवड, दुसऱ्यात ट्रंका, मधे कपडे वाळत घालायची दांडी. दुपारी बाबा थिरकवाँसाहेबांचा सोलो लावायचे. तबला अक्षरशः समोर बसून वाजतोय असं वाटायचं. मला वाटायचं, काय स्पीकर आहेत यार!

गेल्या वर्षी गुडघ्यांनी जिना नको म्हटल्यावर आई-बाबा आमच्याकडे वाकडला राहायला आले. आमचा दोन बीएचके म्हणजे इंटिरियर करताना मी आणि बायकोने फार अभिमानाने 'मिनिमल' ठेवलेला. पांढऱ्या भिंती, व्हिट्रिफाइड टाइल्स, पीओपीचं सीलिंग, बाल्कनीला भिंतभर सरकती काच, पडदे नाहीत (धूळ बसते!), फक्त रोलर ब्लाइंड. भिंतीवर एक घड्याळ. फोटोत असा दिसतो ना हॉल, की बस.

सामानाबरोबर स्पीकर आले. पहिल्याच रविवारी मी ते टीव्ही युनिटच्या दोन्ही टोकांच्या कप्प्यांत बसवले, एकदम फिट. बाबांनी कॅसेट लावली. सोफ्यावर बसले. पाच मिनिटं ऐकलं. मग उठून बंद केलं आणि म्हणाले, ''राहू दे. माझेच कान गेले बहुतेक.''

आवाज खरंच वाईट होता. डग्गा म्हणजे गच्चीवरच्या रिकाम्या टाकीवर कुणी बुक्क्या मारतंय, आणि वर किणकिण. मी म्हटलं, बाबा, स्पीकर म्हातारे झालेत. ते हसले. ''स्पीकर नाही रे, मी झालो की.''

त्यानंतर ते हॉलमध्ये कमी बसायला लागले. पाहुणे आले की दहा मिनिटांत आत जायचे. टीव्हीच्या आवाजावरून आईशी खटके. जेवताना आम्ही चौघं एकदम बोलत असलो की ते नुसते हसरा चेहरा ठेवून ताटाकडे बघत राहायचे. एकदा मी काहीतरी विचारलं आणि त्यांनी भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. त्या दिवशी टेबलावर कुणी काही बोललं नाही. मिरजेला स्वयंपाकघरातून हाक मारली तरी माडीवरून ओ देणारा माणूस हा!

अशा वेळी आयटीवाला मुलगा काय करतो? खर्च करतो.

शनिवारी मी शोरूममध्ये गेलो. एसी, गालिचा, भिंतींना जाड कापड, मधोमध लेदरची खुर्ची. सेल्समनने त्याचं ठेवणीतलं इंग्रजी गाणं लावलं, माझ्या अंगावर काटा आला, आणि मी ३२,००० रुपयांची जोडी कार्डावर घेतली. सहा हप्ते.

इथे थोडं थांबून दुकानाबद्दल बोलूया, कारण तुमच्यापैकी निम्मे जण दिवाळीच्या ऑफरची वाट बघत असणार.

एक तर, वॉट. आपल्या लहानपणी टू-इन-वनवर लिहिलेलं असायचं आठवतंय? '१००० वॉट पीएमपीओ!' त्या आकड्याला कुठलं सर्वमान्य मापच नव्हतं. आताचे आकडे बरे असतात, पण वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा स्पीकरच्या मागे 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा बघा. ९० डेसिबलचा स्पीकर २० वॉटमध्ये जे करतो, त्यासाठी ८७ वाल्याला ४० लागतात. पंधरा बाय अकराच्या हॉलमध्ये आपण कितीसे वॉट जाळणार?

दुसरं म्हणजे, गाणं आपलं न्या. जे तुम्ही शंभरदा ऐकलंय तेच. दुकानाचं गाणं दुकानाच्या बाजूने साक्ष देतं. आणि दोन जोड्या तुलनेला लावल्या की आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो. ही युक्ती विकणाऱ्यांना आपल्यापेक्षा आधीपासून माहीत आहे.

आणि तिसरं, ज्यासाठी हा सगळा खटाटोप: तुम्ही दुकानात ऐकता ते स्पीकर आणि दुकान, दोन्ही. घरी येतो तो फक्त स्पीकर.

माझे आले. त्याच कप्प्यांत बसले. मी थिरकवाँसाहेब लावले. टाकी होतीच, फक्त आता ब्रँडेड टाकी होती. बाबांनी खोलीच्या दारातून ऐकलं, ''छान आहे हं,'' म्हणाले आणि परत आत गेले. 'छान आहे हं' म्हणजे बाबांच्या भाषेत काय, ते मला चाळीस वर्षांत समजलंय. बायको काही बोलली नाही. तिने फक्त ईएमआयचा एसएमएस मला फॉरवर्ड केला.

दुकानाने परत घ्यायला नकार दिला. खोकं फोडलं की संपलं म्हणे.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्ये एक जण नाटकांचं साउंड करतो. त्याला आम्ही मास्तर म्हणतो. प्रयोग नसलेल्या एका मंगळवारी त्याला बिर्याणीच्या बोलीवर घरी आणला. मला वाटलं, मास्तर स्पीकरपाशी जाईल, वायरी बघेल. हा पठ्ठ्या चपला काढून हॉलच्या मधोमध उभा राहिला आणि टाळी वाजवली. टर्रर्र.

''विजापूरला गेलायस का रे कधी?''

मिरजेच्या कुठल्या पोराची सहल विजापूरला गेलेली नसते? गोलघुमटात हाक मारून घसा बसवून घेतलेल्यांपैकी मी एक.

''मग? हॉल म्हणून तेच बांधलंयस की. स्पीकर कशाला बदललेस?''

बिर्याणी शिजेपर्यंत त्याने जे सांगितलं ते असं. स्पीकरमधून निघालेला आवाज थेट कानाशी येतो, पण तेवढाच नाही. तो टाइल्सवर, काचेवर, सीलिंगवर आपटून पुन्हा पुन्हा कानाशी येत राहतो, दर वेळी किंचित उशिरा. कठीण, गुळगुळीत वस्तू आवाज परत फेकतात. मऊ, जाड, हवा आत शिरेल अशा वस्तू तो गिळतात. मिरजेच्या माडीवर गिळणारे होते: गाद्या, जाजम, दांडीवरच्या साड्या. वाकडच्या हॉलमध्ये सगळे फेकणारेच.

डग्ग्याची भानगड वेगळी. खालच्या सुरांच्या लाटा इतक्या लांब असतात की दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये त्या अडकून घुमतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तुमच्या खोलीची लांबी मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, ३४३ ला त्याने भागा. आमचा हॉल ४.६ मीटर लांब, ३.३ रुंद. म्हणजे लांबीला ३७ हर्ट्झच्या आसपास आणि रुंदीला ५२ च्या आसपास खोली स्वतःच हुंकार भरते; शिवाय त्यांच्या दुपटीलाही, म्हणजे ७४ आणि १०४ ला. डग्ग्याचा घुमार याच मुलखातला. थिरकवाँसाहेब एक डग्गा वाजवत होते आणि आमचा हॉल दुसरा. त्यात मी स्पीकर कोपऱ्यातल्या कप्प्यात कोंबलेले! भिंत जवळ आली की खालचा आवाज फुगतो, कोपरा म्हणजे दोन भिंती.

''आणि काका आत का बसतात?'' मास्तरने हळूच विचारलं. मी म्हटलं, त्यांना वाटतं कान गेलेत. तो म्हणाला, ''जरा ईएनटीला दाखव. पण या खोलीत मलाही काकू किचनमधून काय बोलतायत ते धड कळत नाहीये.''

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो, तर एका माणसाच्या प्रेमातच पडलो. वॉलेस सॅबाइन. हार्वर्डमधला भौतिकशास्त्राचा तरुण प्राध्यापक. १८९५ साली विद्यापीठाने फॉग म्युझियममध्ये नवंकोरं व्याख्यानगृह बांधलं आणि त्यात बोललेलं कुणालाच कळेना! एक शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. तोवर वक्ता पुढचं वाक्य संपवून मोकळा. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी सॅबाइनला सांगितलं, बघ काही करता येतंय का. त्याने काय केलं, तर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणल्या. रात्री, कारण शांतता तेव्हाच. ऑर्गनची एक नळी वाजवायची, बंद करायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजायचं. मग आणखी गाद्या. पुन्हा मोजायचं. पहाटे सगळ्या गाद्या परत थिएटरमध्ये, कारण सकाळी तिथे माणसं बसणार! अशा कित्येक रात्री. शेवटी त्याच्या हाती सूत्र लागलं, आणि १९०० साली उघडलेला बोस्टनचा सिंफनी हॉल त्याच्या हिशोबाने बांधला गेला. जगातल्या उत्तम संगीतगृहांत त्याचं नाव आजही घेतात.

सूत्र शाळकरी आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये, गुणिले ०.१६१, भागिले खोलीतलं एकूण शोषण. शोषणाचं माप काय, तर उघडी खिडकी. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. (म्हणजे बाल्कनीचं दार उघडणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण मग डांगे चौकातली वाहतूक आत येते.) आमच्या हॉलचं घनफळ ४४. उघड्याबोडक्या खोलीचं शोषण मी अंदाजाने ६ धरलं. उत्तर आलं जवळजवळ १.२ सेकंद. शोषण १२ करता आलं तर ते निम्म्यावर येणार. टार्गेट ठरलं! क्वार्टर संपायला अजून वेळ होता.

पुढचे तीन वीकएंड घरात जे झालं त्याला बायको 'गोदाम पर्व' म्हणते.

पहिला वीकएंड फुकटातला, आणि खरं सांगतो, निम्मा फरक त्यातच पडला. स्पीकर युनिटमधून बाहेर काढले. दोन जुनी लाकडी स्टुलं, वर कडप्प्याचा एकेक तुकडा, त्यावर स्पीकर. छोटा गोल भोंगा, म्हणजे ट्वीटर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे, बाजूच्या भिंतींपासूनही लांब. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला होता. तिथे खालचे सूर सगळ्यात जास्त फुगतात. तो पुढे ओढला. अगदी मध्यावरही नको, तिथे काही सूर गायबच होतात.

स्पीकर नेमका कुठे ठेवायचा हे शोधायची एक गमतीशीर रीत आहे. स्पीकर सोफ्यावर, तुमच्या जागी ठेवायचा, डग्गा भरपूर असलेलं काहीतरी लावायचं आणि आपण जमिनीवर रांगायचं. जिथे डग्गा स्वच्छ, गोल ऐकू येईल, तिथे स्पीकर. मी कान जमिनीशी लावून रांगत असताना आमच्या कामाच्या मावशी आल्या. त्यांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, ''तबला ऐकतोय.'' मावशी म्हणाल्या, ''बरं.''

दुसरा वीकएंड मऊ सामानाचा. मिरजेची सतरंजी ट्रंकेतून निघाली आणि स्पीकर व सोफ्याच्या मधे पसरली. काचेला जाड पडदे लावले, खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापडाचे, भरपूर चुण्या पडतील असे, काचेपासून चार बोटं लांब. बायकोची धुळीची तक्रार नोंदवून घेतली. बाजूच्या भिंतीवर पुस्तकांचं रॅक आणि त्यात आईचे वीस वर्षांचे दिवाळी अंक.

मग मला कोपरे दिसायला लागले. मास्तर म्हणाला होता, खालच्या सुरांना पातळ काही चालत नाही, जाडी लागते, आणि ती कोपऱ्यात लागते. माळ्यावर आईच्या दोन कापसाच्या गाद्या होत्या, लग्नात आलेल्या. मी त्या गुंडाळल्या, सुतळीने बांधल्या आणि टीव्ही युनिटच्या दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत उभ्या केल्या.

''गाद्या घालायला असतात रे,'' आई म्हणाली, ''उभ्या करायला नाही.''

मी तिला सॅबाइनची गोष्ट सांगितली. तिला ती फार आवडली नाही. ''परत नेऊन ठेवायचा ना तो पहाटे?'' एवढंच विचारलं. पण दुपारी तिनेच जुन्या इरकल साडीचे दोन अभ्रे शिवून गाद्यांवर चढवले. आता पाहुणे विचारतात, हे काय आर्ट पीस वगैरे आहे का.

तिसरा वीकएंड पॅनेलचा. आरशाची युक्ती सांगतो: तुम्ही सोफ्यावर बसा, दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल, तिथून आवाज आपटून थेट तुमच्या कानाशी येतो. पॅनेल तिथेच लावायचं, भिंतभर नाही. रॉकवूल नावाची दगडी लोकर इन्शुलेशनवाल्यांकडे मिळते. घनता ४८, जाडी दोन इंच. सुताराकडून दोन बाय चार फुटांच्या चार चौकटी करून घेतल्या, आत रॉकवूल, वर मांजरपाट. कुठलंही कापड चालतं, फक्त तोंडाशी धरून फुंकर मारून बघा. हवा आरपार गेली तर आवाजही जाईल. भिंत आणि पॅनेल यांच्यात दोन इंच फट ठेवलीत तर तेच पॅनेल आणखी खालपर्यंत काम करतं. आणि प्लीज, रॉकवूल हाताळताना फुल शर्ट, हातमोजे, मास्क. मी बनियनवर बसलो होतो. दोन दिवस मीटिंगमध्ये खाजवत होतो.

काय करू नका? अंड्यांचे ट्रे. कॉलेजमधल्या प्रत्येक बँडवाल्याने ते लावलेत आणि त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. थर्माकोल, तसंच. ऑनलाइन मिळणारे पिरॅमिडवाले पातळ फोमचे चौकोन फक्त वरचे बारीक सूर खातात. किणकिण जाते, टाकी राहते. महागड्या केबलच्या नादी लागू नका. इलेक्ट्रिशियनकडची दीड एमएमची तांब्याची वायर मस्त चालते. फक्त लाल-काळं नीट बघा. मी एका स्पीकरची लाल-काळी उलटी जोडली होती आणि डग्गा पार नाहीसा झाला. अर्धा तास मी त्याला 'ट्रीटमेंटचा परिणाम' समजत होतो.

आणि एक गैरसमज: या कशानेही शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडत नाही. पॅनेल खोलीच्या आतला घुमारा कमी करतं. आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून जड भिंत आणि बंद फटी लागतात. खालच्या मजल्यावरच्या काकांशी गोड बोलणं हाच उपाय.

मधल्या एका दिवशी बाबांना ईएनटीकडे नेलं. नको नको म्हणत आले. काचेच्या केबिनमध्ये हेडफोन घालून बटण दाबायची टेस्ट. आलेख हातात आला: खालच्या सुरांना बऱ्यापैकी सपाट, वरच्या सुरांना उतार. वयानुसार येतं ते. स, श, त, ट, क, फ ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात, ती आधी निसटतात. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी समजावलं, की निसटायला आलेलं व्यंजन शांत, मऊ खोलीत कान कसंबसं पकडतो, पण घुमणाऱ्या खोलीत आधीच्या स्वराची शेपटी त्याच्यावर पडते आणि ते गेलंच. यंत्र दोन्ही कानांना लागणार. पण यंत्र घुमारासुद्धा मोठा करून ऐकवतं, म्हणून घरही बघा, म्हणाल्या.

म्हणजे बाबा पूर्ण चुकले नव्हते. पण पूर्ण बरोबरही नव्हते, आणि चार महिने ते सगळं आपल्याच खात्यावर टाकून आत बसले होते. गाडीत मी त्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, ''म्हणजे डग्गा मला नीट ऐकू येतोय?''

''आलेखाप्रमाणे तरी हो.''

''मग तो घाणच वाजत होता की!''

त्या खुशीत आम्ही परस्पर बुधवार पेठेत गेलो. कारण मास्तरने त्या मंगळवारी निघताना बाल्कनीतले जुने स्पीकर बघून विचारलं होतं, ''हे फेकणार आहेस?'' आणि बोटाने कोनभोवतीची फोमची रिंग दाबली होती. भुगा झाला. फोमची रिंग वयाने, दमटपणाने विरतेच. बाकी मॅग्नेट, कॉइल, लाकडी खोकं सगळं ठणठणीत. तापकीर गल्लीच्या आसपास अजूनही रिकोनिंग करणारे आहेत. चार बाय सहाच्या दुकानात एक चाचा, टेबलावर उघडे वूफर. त्यांनी नवी रिंग चिकटवून दिली. बाबांनी तिथे उभ्या उभ्या १९८८ ची महालक्ष्मी एक्स्प्रेस सांगितली. चाचांनी ऐकून घेतली.

हिशोब लिहून ठेवतो, कारण तुम्ही विचारणारच. रॉकवूल २,२००. चौकटी आणि सुताराची मजुरी २,६००. मांजरपाट ७००. पडदे ३,१००. रिकोनिंग १,२००. वायर ४००. एकूण १०,२००. नवी जोडी ऑफिसमधल्या एकाने २४,५०० ला घेतली. त्याच्या घरी गालिचा आहे, तो खूश आहे. माझे साडेसात हजार गेले ते गेलेच.

खूश व्हायला मलाही हरकत नव्हती, पण खरं तेच सांगतो. सगळं सुटलेलं नाही. ५२ हर्ट्झपाशी हॉल अजून थोडा हुंकारतोच. दोन इंची पॅनेलने तिथे फार होत नाही आणि आईकडे आणखी गाद्या नाहीत. फोटोत हॉल पूर्वीसारखा दिसत नाही. यंत्र बाबा जेवताना आणि पाहुण्यांसमोर घालतात, तबल्याला काढून ठेवतात. त्यात संगीताचा वेगळा प्रोग्रॅम असतो, तो बाई पुढच्या वेळी लावून देणार आहेत. ऐकतील याची खात्री नाही.

जुने स्पीकर स्टुलांवर चढले त्या रविवारी बायकोचे आई-वडील आले होते. जेवणं झाली. बाबा आत गेले नाहीत. त्यांनीच कॅसेट लावली, सतरंजीवर पाय पसरून, पाठ सोफ्याला टेकून बसले. माझ्या सासऱ्यांशी गिरण्या आणि बँकांच्या गप्पा चालू होत्या, मागे थिरकवाँसाहेब. मधेच त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कायदा संपेपर्यंत कुणी बोललं नाही. किचनमधून आईने विचारलं, चहा टाकू का. बाबांनी मान न वळवता 'टाक' म्हटलं.

मी आपला समोर उभा. कसं वाटतंय, विचारायचं धाडस होईना.

''बरा आहे,'' ते म्हणाले. मग मान तिरकी करून थोडा वेळ ऐकलं. ''पण डग्गा अजून जरा सैल बोलतोय. तो उजवीकडचा स्पीकर चार बोटं पुढं घे की. आणि ती साडीवाली गादी हलवू नकोस.''